जुनी वेबसाइट साध्या ब्लॉगसेवेवर हलवायचीये? आधी पत्त्यांची यादी करा

स्वतःच्या होस्टिंगवर चौदा वर्षं चालवलेली वर्डप्रेसची साइट मी गेल्या वर्षी एका साध्या ब्लॉगसेवेवर नेली. कारण काही भव्यदिव्य नव्हतं. लिहायला बसलं की आधी अकरा प्लगिनांचे अपडेट दिसायचे, ते केले की थीम रुसायची, आणि थीमची समजूत काढेपर्यंत जे लिहायचं होतं ते डोक्यातून निघून गेलेलं असायचं. शेवटच्या वर्षात पोस्टी चार आणि अपडेट किती ते मोजलेच नाहीत.

मला वाटलेलं मजकूर हलवायला त्रास होईल. मजकूर अर्ध्या तासात गेला हो. त्यानंतरचे तीन आठवडे गेले ते पत्त्यांमधे, म्हणजे कुठली पोस्ट कुठल्या यूआरएलवर होती आणि आता कुठे गेली ह्या भानगडीत. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय ज्या क्रमाने मी ते करायला हवं होतं आणि केलं नाही. उदाहरणं वर्डप्रेसची आहेत कारण बहुतेकांची जुनी साइट त्यावरच असते, पण दुसरं काही असलं तरी पायऱ्या ह्याच.

सेवा निवडताना काय विचारायचं

ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम, घोस्टची होस्टेड सेवा, मायक्रो डॉट ब्लॉग, बेअर ब्लॉग, नावं भरपूर आहेत आणि प्रत्येकाची आवड वेगळी, त्यात मी पडत नाही. दिसायला कसं आहे हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, लावता येतं का. नसेल येत तर तिथेच थांबा, कारण जिओसिटीज २००९ मधे बंद पडलं, पोस्टरस २०१३ मधे, आणि ज्यांचे पत्ते त्या सेवेच्या नावावर होते ते सगळे पत्ते सेवेबरोबरच गेले. डोमेन तुमचं असलं तर उद्या ही सेवाही बुडाली तरी पत्ता तुमच्याच हातात राहतो.

मग बघा जुन्या कुठल्याही पत्त्यावरून नव्या पत्त्यावर रिडायरेक्ट, म्हणजे वाचकाला आपोआप वळवायची सोय, लावता येतो का, आणि एकेक करून हाताने भरायचा की यादी एकदम टाकता येते. हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नंतर रडतात, मीही त्यातलाच. तिसरं म्हणजे सगळा मजकूर बाहेर कसा काढता येतो आणि त्यात फोटो येतात का. आत येण्याचं दार सगळेच मोठं ठेवतात, बाहेर जायचं दार बघून घ्यायचं.

ब्लॉगरवर जाणार असाल तर एक माहीत असू द्या, तिथे पोस्टच्या पत्त्याचा साचा ठरलेला आहे, वर्ष, महिना, मग नाव आणि शेवटी एचटीएमएल, तो बदलता येत नाही. शिवाय शीर्षक निव्वळ देवनागरीत असलं की नावाच्या जागी नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एखादा आकडा येतो. मराठी ब्लॉग वाचणाऱ्यांनी हे पत्ते शेकड्याने पाहिले असतील. पोस्ट प्रकाशित करायच्या आधी पर्मालिंक, म्हणजे पोस्टीचा कायमचा पत्ता, हाताने रोमनमधे लिहिली तर टळतं.

यादी

एक स्प्रेडशीट उघडा. पहिल्या कॉलममधे जुना पत्ता, दुसऱ्यात नवा, तिसऱ्यात शेरा. बस. पुढचं सगळं काम ह्या शीटवर चालणार आहे.

जुने पत्ते गोळा करायच्या जागा तीन. एक, साइटमॅप, म्हणजे साइटच्या पत्त्यांची फाइल. वर्डप्रेसमधे ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून तो आपोआप असतो, त्याआधी एसईओचं एखादं प्लगिन तो बनवायचं. दोन, गूगलचं सर्च कन्सोल, तिथे कुठल्या पानांवर लोक येतात आणि बाहेरच्या साइटींनी कुठल्या पानांना लिंक दिलीये हे कळतं. तीन, होस्टिंगचे लॉग, म्हणजे कुठला पत्ता कधी मागितला गेला ह्याची नोंदवही. साइटमॅपमधे फक्त तुम्हाला माहीत असलेले पत्ते असतात, लॉगमधे लोक खरोखर कुठे ठोठावतायत ते दिसतं, आणि ते वाचून मी चाट पडलो. सुरुवातीची दोन वर्षं माझ्या साइटवर प्रश्नचिन्ह-पी-बरोबर-आकडा असे पत्ते होते, ते मी साफ विसरलो होतो, पण कुणीतरी कुठेतरी दिलेल्या लिंका अजून त्याच होत्या आणि माणसं त्यावरून येत होती. वर्डप्रेस तसले जुने पत्ते गुपचूप सांभाळून घेतं, नवी सेवा नाही घेत.

पोस्टींसोबत पानं, कॅटेगरी, टॅग, फीड (वाचकाच्या रीडरमधे नव्या पोस्टी पोचवणारा पत्ता) आणि थेट लिंक दिलेल्या पीडीएफ फाइलीही यादीत घाला. टॅगांची पानं मी सोडून दिली, एकेका पोस्टीला नऊनऊ टॅग लावायची हौस होती तेव्हा, ती आता कोण निस्तरणार.

बॅकअप, तीन तऱ्हेचे

पहिला वर्डप्रेसचा स्वतःचा एक्सपोर्ट, टूल्समधे जाऊन. तिथे 'सगळा मजकूर' हाच पर्याय घ्या. नुसत्या पोस्टी निवडल्या तर फोटोंच्या नोंदी सुटू शकतात. जी एक्सएमएल फाइल मिळते तिच्यात पोस्टी, पानं, कॉमेंट, टॅग सगळं असतं, पण फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, पुढे कामाला येईल.

दुसरा म्हणजे डेटाबेसचा डंप, म्हणजे साइटचा मजकूर जिथे साठतो त्याची पूर्ण प्रत, आणि फोटो असतात ते अपलोड्स नावाचं आख्खं फोल्डर.

तिसरा साइटची स्थिर नक्कल, म्हणजे जशी दिसते तशी सगळी पानं एचटीएमएलमधे उतरवून ठेवायची. एचटीट्रॅक हे करतं, किंवा कमांड लाइनची सवय असेल तर डब्ल्यूगेटचा मिरर पर्याय. हा बॅकअप लोक करत नाहीत, पण दोन वर्षांनी 'त्या पोस्टीखाली कॉमेंटमधे काय चर्चा झालेली' हे बघायचं झालं तर एक्सएमएल चाळत बसण्यापेक्षा ब्राउजरमधे पान उघडणं केव्हाही बरं. लाडकी पानं असतील तर ती इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधेही जतन करून टाका, एकेक पत्ता देऊन करता येतं.

दहा पोस्टींची रंगीत तालीम

सगळं एकदम इम्पोर्ट करू नका. नव्या सेवेवर एक चाचणीचा ब्लॉग उघडा आणि दहाच पोस्टी न्या, पण त्या दहा निवडताना सगळ्यात द्वाड निवडा. सगळ्यात जुनी, सगळ्यात लांब, फोटोंची गॅलरी असलेली, तक्ता असलेली, व्हिडिओ चिकटवलेली, तळटीपा असलेली, कविता असलेली कारण ओळी तुटतात, पन्नास कॉमेंट असलेली, पासवर्ड लावलेली आणि एक मध्यरात्रीनंतर टाकलेली.

शेवटची कशाला? काही इम्पोर्टर वेळ ग्रीनिचची धरतात. माझी रात्री एक-दीडला पोस्ट टाकायची सवय, त्या सगळ्या एक दिवस मागे सरकल्या, आणि महिन्याच्या एक तारखेच्या पोस्टी आदल्या महिन्यात. नुसती तारीख चुकली असती तर चाललं असतं, पण पत्त्यात महिना होता, म्हणजे पत्ताही चुकला. इम्पोर्ट करायच्या आधी नव्या ब्लॉगच्या सेटिंगमधे टाइमझोन लावला की बहुतेक वेळा हे टळतं, नंतर लावून उपयोग होईलच असं नाही.

तालमीत आणखी एक दिसेल, शॉर्टकोड. गॅलरी, कॅप्शन, संपर्काचा फॉर्म वगैरे गोष्टी वर्डप्रेस चौकोनी कंसातल्या शब्दांनी लिहितं आणि दाखवताना त्याचं रूप बदलतं. बाहेर नेल्यावर तो कंस जसाच्या तसा वाचकाला दिसतो. एक्सएमएल फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमधे उघडून चौकोनी कंस शोधा, किती जागी आहेत कळेल. माझ्याकडे गॅलरी साठेक होत्या, त्या मी जुन्या साइटवरच साध्या फोटोंमधे बदलून घेतल्या आणि मगच पुन्हा एक्सपोर्ट काढला. दुरुस्त्या शक्यतो जुन्या घरीच उरका, तिथली हत्यारं ओळखीची असतात.

देवनागरीची स्वतःची दुखणी

हा भाग परक्या भाषेतल्या मार्गदर्शकांत सापडत नाही म्हणून जरा सविस्तर.

वर्डप्रेसच्या डेटाबेसमधे पोस्टीच्या पत्त्यातलं नाव, म्हणजे स्लग, २०० अक्षरांत बसवावं लागतं. दोनशे म्हणजे भरपूर वाटतं. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. समजा शीर्षक आहे 'विसरलेल्या पासवर्डची गोष्ट'. 'विसरलेल्या'मधे दहा चिन्हं, झाले ९०. मधली आडवी रेघ १. 'पासवर्डची'मधे नऊ, म्हणजे ८१. पुन्हा एक रेघ. एकूण १७३. उरले २७, त्यात तीनच चिन्हं बसतात, ग, ओकार आणि ष. म्हणजे तुमच्या पत्त्यात 'गोष्ट'ची 'गोष' झालेली आहे आणि इतकी वर्षं तुम्हाला पत्ताच नाही.

आता नवी सेवा हाच स्लग वापरेल, किंवा शीर्षकावरून नवा बनवेल, किंवा रोमनमधे उतरवेल, किंवा देवनागरी गाळून कोरा आकडा ठेवेल. ते तालमीत बघायचं. माझ्या सेवेने शीर्षकावरून नवे बनवले, म्हणजे लांब शीर्षकांच्या झाडून सगळ्या पोस्टींचे पत्ते बदलले. तेव्हा यादीतला दुसरा कॉलम 'सारखाच असेल' असं गृहीत धरून भरू नका, इम्पोर्ट झाल्यावर नव्या साइटमॅपवरूनच भरा. आणि हो, वर्डप्रेस टक्क्यांपुढची ती रोमन अक्षरं लहान लिपीत ठेवतं, काही सेवा मोठ्या लिपीत. नियमाने दोन्ही एकच, पण रिडायरेक्टची साधी यंत्रणा अक्षराला अक्षर जुळवून बघते आणि जुळत नाही म्हणते. एक ओळ टाकून आधी चाचणी घ्या.

दुसरं दुखणं मजकुराचं. जुन्या काळी बसवलेल्या साइटींमधे डेटाबेसचे तक्ते लॅटिन-१ ह्या जुन्या, रोमनपुरत्या पद्धतीत असायचे आणि त्यात मजकूर मात्र यूटीएफ-८ चा. साइट त्याच चुकीच्या चष्म्यातून वाचायची त्यामुळे दिसायला सगळं ठीक. डेटाबेसचा डंप काढला की मात्र प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि मागे दोन विचित्र चिन्हं अशी रांग लागते. घाबरू नका, मजकूर मेलेला नाही. वर्डप्रेसचा स्वतःचा एक्सपोर्ट बहुतेक वेळा नीट येतो कारण तो त्याच चष्म्यातून वाचतो. डंपच वापरायचा असेल तर तक्त्याच्या नकलेवर तो कॉलम आधी बायनरी करायचा आणि मग यूटीएफ-८-एमबी-४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८), थेट लॅटिनवरून यूटीएफवर उडी मारली की कचरा पक्का होतो.

तिसरं, 'दुसऱ्या', 'तऱ्हा' ह्यातला तो अर्धा र. युनिकोडमधे तो दोन प्रकारे लिहिता येतो, एक नुक्तावाला ऱ वापरून, आणि दुसरा साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडणारं चिन्ह वापरून. काही इम्पोर्टर अदृश्य चिन्हं म्हणजे घाण समजून झाडून टाकतात आणि मग 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, रफार वर चढतो. इम्पोर्टनंतर 'र्या' आणि 'र्हा' शोधून बघा. 'सूर्या'सारखे रफार खरेच असलेले शब्द सोडून बाकी सगळे हाताने. मी जुन्या फाइलीतच दुसऱ्या प्रकारचे सगळे पहिल्या प्रकारात बदलून घेतले, शोधायलाही सोपं पडतं.

आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेलं काही असेल तर ते आधी कन्व्हर्टरने युनिकोडमधे आणा, शुद्धलेखन नजरेखालून घाला, मगच हलवा. जोडाक्षरं हमखास चुकतात.

फोटो

मघाशी म्हटलं ना, एक्सएमएलमधे फोटोंचे फक्त पत्ते असतात. चांगला इम्पोर्टर त्या पत्त्यावर जाऊन फोटो आणतो, त्यामुळे इम्पोर्ट पूर्ण होईस्तोवर जुनी साइट चालू हवी. साधा इम्पोर्टर आणतच नाही, पोस्टीतला पत्ता जुन्या साइटचाच राहतो, आणि जुनी साइट चालू असेपर्यंत फोटो झकास दिसतात. मी नेमका इथे आपटलो. सगळं छान दिसतंय म्हणून जुनं होस्टिंग बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ निम्मे फोटो गायब. अपलोड्सचं फोल्डर जवळ होतं म्हणून वाचलो, तरी दोन रविवार त्यात गेले.

तपासायची रीत सोपी. नव्या ब्लॉगचाच एक्सपोर्ट काढा आणि त्यात 'अपलोड्स' हा शब्द शोधा. एकही नाही सापडला तर फोटो आले. सापडला तर ती यादी तुमच्या शीटमधे.

फोल्डर बघाल तर एकेका फोटोच्या सहा-सात नकला दिसतील, नावाच्या शेवटी १५०-बाय-१५०, ३००-बाय-२०० असे आकडे. त्या वर्डप्रेसने बनवलेल्या लहान प्रती, त्या न्यायची गरज नाही, बिनआकड्याची मूळ फाइल न्या. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून फार मोठ्या फोटोंची २५६० पिक्सेलची स्केल्ड नावाची प्रतही बनते, ब्लॉगला ती पुरे.

कॉमेंट

बऱ्याच साध्या सेवांत कॉमेंट नाहीतच. तुम्हाला ठरवायचंय. मी निवडक पोस्टींच्या कॉमेंट पोस्टीखालीच 'तेव्हाची चर्चा' म्हणून साध्या मजकुरात उतरवल्या आणि नावांच्या जागी आद्याक्षरं ठेवली, ईमेल आणि आयपी पत्ते सगळे काढले. एक्सएमएलमधे ते असतात, ती फाइल कुणाला पाठवताना लक्षात ठेवा.

रिडायरेक्ट

आता शीटचे दोन्ही कॉलम भरलेले असतील. रिडायरेक्ट ३०१ हवा, ३०२ नको. पहिला म्हणजे कायमचं हललो, दुसरा म्हणजे तात्पुरतं. सगळे जुने पत्ते होमपेजकडे वळवायचा आळस करू नका, वाचकाला पासवर्डची गोष्ट हवी असते आणि तुम्ही त्याला दारात उभं करता, गूगलही ते पान हरवल्यातच जमा धरतं. ज्या पोस्टी मुद्दाम नेल्या नाहीत त्यांना ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', येऊ द्या.

सेवेत रिडायरेक्टची सोय अपुरी असेल तर एक पळवाट आहे. नवा ब्लॉग सबडोमेनवर (ब्लॉग-डॉट-तुमचं डोमेन असा) लावा, आणि मूळ डोमेन एखाद्या छोट्या होस्टिंगवर ठेवून तिथे एचटीॲक्सेस ह्या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमधे एकेका ओळीत जुना-नवा पत्ता. वर्डप्रेस नको, डेटाबेस नको, एक फाइल. शीटमधून फॉर्म्युल्याने ओळी तयार होतात. मात्र प्रश्नचिन्हवाले पत्ते साध्या रिडायरेक्टच्या ओळीने जुळत नाहीत, त्यांना रीराइटचा नियम लागतो, तेवढे हाताने.

डीएनएस बदलायचा दिवस

डोमेन ट्रान्सफर करायची गरज नाही, हा गोंधळ खूप जणांचा होतो. डोमेन आहे तिथेच राहू द्या, फक्त डीएनएसमधले, म्हणजे डोमेनच्या नावावरून कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणारे, रेकॉर्ड बदलायचे.

दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे रेकॉर्डचं उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा, कमी करा, ८६४०० असेल तर ३००. ऐनवेळी कमी करून फायदा नाही, कारण जुनं उत्तर ज्यांनी साठवलंय ते चोवीस तास तेच धरून बसतात. मग सध्याच्या सगळ्या रेकॉर्डांचा स्क्रीनशॉट घ्या. सगळ्या. मी नेमसर्व्हरच, म्हणजे ही रेकॉर्डं जिथे राहतात ती जागाच, बदलले, आणि ईमेल कुठे पोचवायची ते सांगणारं एमएक्स रेकॉर्ड नव्या जागी टाकायला विसरलो, दीड दिवस माझ्या डोमेनवर कुणाचीच ईमेल पोचली नाही आणि मला वाटत होतं आज काय शांतता आहे. ईमेल असेल तर एमएक्स, आणि एसपीएफ व डीकेआयएमची (ईमेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे पटवणारी) टेक्स्ट रेकॉर्डं हात न लावता तशीच ठेवा.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम, म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे पाठवणारं रेकॉर्ड, लावता येतो. मूळ डोमेनला नाही, कारण सीनेमच्या जोडीला त्याच नावावर दुसरी रेकॉर्डं चालत नाहीत आणि मूळ नावावर एनएस आणि एसओए ही डोमेनची मूलभूत रेकॉर्डं असावीच लागतात. तिथे सेवेने दिलेलं ए रेकॉर्ड (नावाला थेट आयपी पत्ता जोडणारं) टाका किंवा तुमच्या डीएनएसवाल्याकडे एलियास (मूळ नावावर चालणारं, सीनेमसारखं) असेल तर ते. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट सेवा स्वतःच काढते, त्याला थोडा वेळ लागतो, तोवर ब्राउजर भीतिदायक सूचना दाखवेल. जुनं सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कुणी द्यायचं ते ठरवणारं) आड येत असेल तर सर्टिफिकेट निघतच नाही, तासाभरात नाही निघालं तर तिथे बघा.

फीड

गूगल रीडर २०१३ मधे गेलं तरी फीडवाले वाचक आहेत, आणि तेच सगळ्यात जुने असतात. वर्डप्रेसचं फीड स्लॅश-फीडवर असतं, ते नव्या फीडकडे वळवा. फीडमधे प्रत्येक पोस्टीला एक ओळखक्रमांक असतो, हलवल्यावर तो बदलतो, आणि वाचकाच्या रीडरमधे फीडमधल्या सगळ्या पोस्टी पुन्हा नव्या म्हणून टपकतात. ह्याला बहुधा इलाज नाही. हलवण्याच्या आठवड्यात नव्या फीडमधे शेवटच्या पाचच पोस्टी ठेवता आल्या तर लोकांचा वैताग कमी.

पुढचा महिना

सर्च कन्सोलमधे नवा साइटमॅप द्या. डोमेन तेच असेल तर पत्ता बदलल्याची वेगळी सूचना द्यायची नसते, ती फक्त डोमेन बदलल्यावर. मग आठवड्यातून एकदा तिथली 'सापडलं नाही' यादी बघायची आणि शीटमधे ओळ वाढवायची. रिडायरेक्ट किमान वर्षभर तरी ठेवा असं गूगल सांगतं, मी म्हणेन डोमेन आहे तोवर काढूच नका, ते खातं काय.

जुनं होस्टिंग बंद करायच्या आधी ते आठवडाभर नुसतं थांबवून बघा, फाइली न पुसता, म्हणजे फोल्डरचं नाव बदला. काही तुटलं तर नाव परत केलं की झालं. फोटोंच्या बाबतीत मी एवढं केलं असतं तर ते दोन रविवार वाचले असते. आणि नव्या सेवेतून पहिल्याच महिन्यात एकदा पूर्ण एक्सपोर्ट काढून फाइल उघडून बघा, त्यात फोटो आहेत का आणि 'दुसऱ्या'मधला र जागेवर आहे का.